सोनकपाळ्याचा रकाना

माझा मामा ताउनो कुइट्टिनेन याच्याबरोबर हिवाळ्यात जंगलात जाणं ही शिक्षा आहे, हे आमच्या हाउकिलाम्पीत कोणालाही विचारा. बोलायचं नाही. खोकायचं नाही. त्याच्या पुढे चालायचं नाही आणि फार मागेही राहायचं नाही. नायलॉनचं जाकीट घालायचं नाही, कारण ते सळसळतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पक्षी दिसला किंवा ऐकू आला तरी त्याला सांगायचं नाही. मोजणी एकाच माणसाची. सोबत्याने दाखवलेला पक्षी मोजणीत धरायचा नाही, मग तो समोरच्या फांदीवर नाचत का असेना. हा नियम पक्षिमंडळाचा, पण मामाइतका कडक तो मंडळानेही कधी पाळला नसेल. दर हिवाळ्यात तीन फेऱ्या, अकरा किलोमीटरची तीच वाट, वहीतले तेच रकाने, आणि असे पन्नास हिवाळे.

मामा सत्याहत्तर वर्षांचा. पस्तीस वर्षं त्याने आमच्या भागात टपाल वाटलं. एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नाही असं तो म्हणतो; माझ्या आईचं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचं, यावर वेगळं मत आहे. पक्ष्यांच्या बाबतीतही तो तसाच. वहीत "दोन-तीन" असं काही नाही. दोन, नाहीतर तीन. काहीच नसेल तर शून्य. रकाना रिकामा सोडलेला त्याला चालत नाही. आउने मामी गेल्यापासून तो तळ्याकाठच्या घरात एकटाच राहतो, आणि ती वही जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या भांड्याशेजारी असते.

त्या वहीतला एक रकाना सोनकपाळ्याचा. हा आमच्याकडचा सगळ्यात लहान पक्षी. साखरेच्या दोन वड्यांएवढं वजन, कपाळावर पिवळी रेघ. उणे पंचवीसमध्ये माणसाच्या पापण्या गोठतात तेव्हा हा स्प्रूसच्या फांद्यांतून कोळी शोधत फिरत असतो. दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. आवाज इतका बारीक की सवय नसलेल्याला वाटावं आपल्याच कानात काहीतरी वाजतंय. मामाच्या वहीत पूर्वी नऊ, बारा, सतरा असे आकडे असायचे. गेले सहा हिवाळे सरळ शून्य.

या शून्याने मामाला पोखरलं होतं. सुरुवातीला तो म्हणाला, थंडी कडक होती, मेले असतील, पुन्हा येतील. मग म्हणाला, जंगलालाच काहीतरी झालंय. गावच्या साप्ताहिकाला त्याने दोनदा पत्र लिहिलं. रात्री झोप येईना, जेवण कमी झालं. आजारी माणसाच्या खाटेपाशी उभं राहावं तसा तो त्या स्प्रूसच्या रानात उभा राहायचा. जानेवारीत मंडळ त्याचा पन्नास हिवाळ्यांबद्दल सत्कार करणार होतं, आणि तिथे तो सोनकपाळ्यावर बोलणार होता. भाषण ऐकून दुसऱ्याच दिवशी योएन्सू शहरातली अन्नीना नावाची एक तरुण बाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन त्याच्या वाटेवर येणार होती. पक्षी गेले कुठे, याचा शोध घ्यायला.

पक्षी कुठेही गेले नव्हते. हे मला ऑक्टोबरपासून माहीत होतं.

ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याच रानात अळंबी काढायला गेलो होतो. मी वाकून टोपली भरत होते आणि डोक्यावर सोनकपाळ्यांची नुसती किणकिण चाललेली. लहानपणी मामानेच शिकवलेला आवाज, मी कसा विसरेन? तेवढ्यात मामा कंबर सरळ करत म्हणाला, "ऐक सिर्पे. किती शांत आहे बघ. पूर्वी इथे सोनकपाळ्या असायचा." मी त्याच्याकडे बघितलं, वर बघितलं, आणि काहीतरी पुटपुटून पुन्हा अळंबीत तोंड घातलं.

आता कोणी म्हणेल, मामा बहिरा झाला आणि कोणाला कळलं कसं नाही? बहिरा कसला! मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. तिथल्या शीतकपाटाची घरघर बिघडलीय हे त्याने दारातून ओळखलं होतं. आई दुसऱ्या खोलीत त्याच्याबद्दल पुटपुटली तरी तो इकडून उत्तर देतो. आरोग्य केंद्रातली नर्स माझी मैत्रीण. तिला मी आडून विचारलं तेव्हा ती म्हणाली, वयाबरोबर आधी वरचे, बारीक आवाज जातात. बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. सांगावं, तर पन्नास वर्षांच्या वहीवर पाणी पडणार आणि तो जंगलात जाणं सोडणार. जंगल सोडलं तर हा माणूस वर्षभर तरी टिकेल का, मला शंका होती. न सांगावं, तर भर सभेत "पक्षी संपले" म्हणणार, आणि दुसऱ्या दिवशी एका परक्या पोरीच्या यंत्रात ते ढिगाने सापडणार. लोक तोंडावर हसणार नाहीत, आमच्याकडची माणसं तशी नाहीत. पण गप्प बसतील. ते गप्प बसणं मामाला सोसलं नसतं.

नाताळ संपला तसं आईने मला फर्मावलं. "यंदा तू त्याच्याबरोबर जा. नाहीतर मी जाते."

"तू ब्याऐंशीची आहेस, आई."

"म्हणूनच सांगतेय, तू जा."

अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी साडेनऊला निघालो तेव्हा पारा उणे एकोणीसवर होता आणि उजेड ताकासारखा पातळ. बर्फ पोटरीपर्यंत. मामाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लोकरीचं जाकीट. शहाणी आहेस. खिशात काय खुळखुळतंय?"

"वाटाणे."

"कशाला?"

"चघळायला," मी थाप मारली. डाव्या खिशात मूठभर सुके वाटाणे होते. दर गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सार असतं, त्यातलेच. का घेतले हे मला नीट सांगता येणार नाही. तो ऐकणार नाही ते कोणीतरी मोजावं, एवढंच वाटलं.

पहिला किलोमीटर पाइनचा. तिथे चिमणीहून लहान अशा दोन काळ्या टोपीच्या वल्गुल्या आणि एक सुतार पक्षी मिळाला, मामाने थांबून वहीत खुणा केल्या. पेन्सिलच हवी; पेनाची शाई गोठते. मग वाट उतरून स्प्रूसमध्ये शिरली, आणि शिरल्या शिरल्या उजव्या हाताला वरून आवाज आला. स्री-स्री-स्री. मी मामाच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ थांबली नाही. मी एक वाटाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला.

पुढे आणखी दोन. मग एक. दर वेळी वाटायचं, आता तरी मान वर होईल. दर वेळी ती टोपी तशीच पुढे जायची. अधूनमधून तो स्वतःहून थांबायचा, श्वास रोखायचा, डोळे मिटायचा. इतक्या मनापासून ऐकायचा की बघवत नव्हतं. एकदा तर तो असा डोळे मिटून उभा आणि त्याच्या डोक्याच्या बरोबर वर दोन पक्षी ओरडतायत. त्याने डोळे उघडले, मान हलवली आणि चालू लागला.

पाचव्या किलोमीटरला ओढ्याकाठी शेकोटीची जागा आहे. तिथे बोलायला परवानगी असते, कारण सॉसेज भाजताना पक्षी धरत नाहीत. मी ठरवलं होतं, इथेच सांगायचं. मामाने आईच्या हातच्या भात भरलेल्या पिराक्का निखाऱ्याजवळ ठेवल्या, थर्मासमधली कॉफी ओतली आणि खिशातून कागद काढला.

"भाषणाची सुरुवात केलीय. ऐक. 'मित्रहो, मी आज तुम्हाला एक वाईट बातमी द्यायला उभा आहे. सोनकपाळ्या आमच्या रानातून गेलेला आहे.' कसं वाटतं?"

"मामा…"

"काय?"

"ते… जरा थेट होतं, नाही?"

"वाईट बातमी थेटच द्यावी. टपालात मी मृत्यूच्या बातमीची, काळी किनार असलेली पाकिटं कधी दाराच्या फटीतून सरकवली नाहीत. दार वाजवून हातात दिली." त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "तुला काही सांगायचंय का?"

सॉसेजची साल तडकली. "मोहरीची चटणी विसरले," मी म्हटलं.

"शाळेत तीनशे पोरांना जेवू घालते आणि मोहरी विसरते," मामा म्हणाला, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्यात अंगाला ऊब आली.

पुढची चाल मला आठवते ती केवळ खिशांमुळे. एक इकडून तिकडे. मग एक. उजेड कलायला लागला होता, दुपारचे दीड वाजले असतील, आणि उरलेले तीन किलोमीटर संपले की मी तोंड न उघडताच घरी पोचणार हे मला स्पष्ट दिसत होतं. थांब म्हणावं, ओरडावं, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी एका लहान स्प्रूसवरून बर्फ सांडला.

मामा जागीच थांबला. वल्गुल्यांचा थवा खाली उतरला होता, आणि त्यांच्याबरोबर, मामाच्या छातीच्या उंचीला, हाताच्या अंतरावर, सोनकपाळ्या. पिवळी रेघ स्वच्छ दिसत होती.

"सिर्पे!" मामा कुजबुजला. पन्नास वर्षांत तो मोजणी चालू असताना स्वतःहून क्वचितच बोलला असेल. "आहे! अगं, आहे!" त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी मामी गेल्यानंतर पाहिला नव्हता, आणि मलाही क्षणभर वाटलं, सुटलो.

पण पक्षी जाईना. त्याने चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा. गळ्याची पिसं थरथरत होती. मामाच्या कपाळाला आठी पडली.

"हा असं काय करतोय?"

मी पक्ष्याकडेच बघत राहिले.

"सिर्पे. हा ओरडतोय का?"

"हो, मामा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने कानावर पडणाऱ्या टोपीच्या पट्ट्या वर केल्या. मग टोपीच काढली. उणे एकोणीसमध्ये टक्कल उघडं टाकून, मान तिरकी करून तो पक्ष्याकडे झुकला. पक्षी चोच उघडत राहिला. मी ऐकत होते, तो बघत होता. मग थवा उडाला आणि फांदी हलत राहिली.

"टोपी घाल," मी म्हटलं. मला रडू येत होतं. "मामा, टोपी घाल आधी."

त्याने टोपी घातली. वही काढली, सोनकपाळ्याच्या रकान्यात एक रेघ ओढली. "दिसला तो एक," तो म्हणाला. मग वही न मिटताच विचारलं, "आज तू किती ऐकलेस?"

"नियम आहे ना, सांगायचं नाही…"

"नियम गेला चुलीत! किती?"

मी हातमोजा काढला, उजव्या खिशातले वाटाणे तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरले. त्याने बोटाने एकेक सरकवत मोजले, टपालाच्या पाकिटांसारखे. "तेरा."

"हा धरून चौदा."

तो तिथेच एका पडलेल्या खोडावर, बर्फातच बसला. आता याला काही झालं तर मी ओढत कशी नेणार, मोबाईलला इथे रेंजही नाही, असं माझ्या मनात आलं. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. "आहेत म्हणजे," तो म्हणाला. "मेले नाहीत. अगं, मी सहा वर्षं सुतकात आहे, आणि हे आपले इथेच!"

मला एवढं हलकं वाटलं की मीही खोडावर बसले. दोन महिने मी ज्याला भीत होते ते घडून गेलं होतं आणि माणूस शाबूत होता. म्हटलं, आता उठावं, उजेड आहे तोवर घर गाठावं. पण मामाचं हसू हळूहळू थांबलं. तो वहीची मागची पानं उलटायला लागला.

"हे जातात कसे? कान? एकदम?"

"नाही. नर्स म्हणाली, हळूहळू. दहा-पंधरा वर्षं लागतात."

"मग हे बघ." त्याने पानावर हातमोज्याचं बोट ठेवलं. "त्या हिवाळ्यात सतरा. पुढच्या हिवाळ्यात शून्य. हळूहळू कुठे गेले?"

मी पान बघितलं. सतरा आणि शून्य यांच्या मधल्या मार्चमध्ये आउने मामी गेली होती.

मामाही तेच बघत होता. मग म्हणाला, "ती थांबायची. बूट घट्ट करायला, नाहीतर नाक पुसायला. दर दोनशे पावलांवर हिचं काहीतरी. मी म्हणायचो, आउने, तुला घेऊन यायचं म्हणजे गाढवाला जत्रेला न्यायचं. आणि नाक पुसताना बाई तोंड वर करून उभी. मग मीही वर बघायचो, की ही बघते काय. आणि तिथे असायचा."

"मामा…"

"दर वेळी असायचा, सिर्पे." त्याने वही मिटली, आणि त्याचा आवाज चढला. "घरातच चोर! एवढा मी नियमाचा माणूस, आणि घरात चोर! मला सांगता आलं नसतं तिला? बायको ना माझी?"

"तू ऐकलं असतंस का?"

त्याने वही खिशात घातली आणि उठला. उरलेले तीन किलोमीटर तो न थांबता चालला. मी मागून तोंड मिटून चालले; वर पक्षी ओरडत होते, पण मी वाटाणे हलवले नाहीत.

संध्याकाळी आईने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता सूप वाढलं. मामाने चमचा उचललाच नाही. "हेल्वी," तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

आई पेला पुसत बसली. "मला शपथ घातली होती तिने."

"किती वर्षं?"

"अकरा हिवाळे. पहिल्या वर्षी तिने तुला विचारलं होतं, ऐकलास का? तू म्हणालास, काय ऐकलं? त्या दिवशी घरी येऊन तू चिडचिड केलीस, की आकडा निम्म्यावर आला. रात्रभर जागलास. पुढच्या फेरीपासून ती थांबायला लागली." आई मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ती गेल्यावर मी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. म्हणून हिला पाठवलं."

म्हणजे मला जे सांगता येत नव्हतं ते आईलाही सांगता येत नव्हतं. संतापले मी. पण सूप निवत होतं आणि मामा अखेर जेवायला लागला होता, म्हणून भांडण पुढे ढकललं.

पुढचे तीन आठवडे तो कोणाशी फारसा बोलला नाही. फेब्रुवारीची फेरी मी चालायची, एवढं ठरलं. मी मागून येईन, म्हणाला. मी म्हटलं, ये, पण खोकायचं नाही. तो हसलाही नाही, तेव्हा माझी काळजी परत सुरू झाली. सत्काराला येणार की नाही हेही सांगेना. त्या दिवशी मात्र दाढी करून, काळा कोट घालून तो दारात उभा होता.

चर्चच्या सभागृहात साठेक माणसं होती. कॉफी, केक, मंडळाचा सचिव, आणि पुढच्याच रांगेत ती अन्नीना, मांडीवर तिचं यंत्र. सचिवाने मानपत्र वाचलं: पन्नास हिवाळे, एक वाट, एक माणूस. टाळ्या झाल्या. मामा उभा राहिला आणि मानपत्र हातात घेतलं नाही.

"मी इथे वाईट बातमी देणार होतो," तो म्हणाला. "ती खोटी निघाली. सोनकपाळ्या आहे. माझे कान नाहीत. हा हिवाळा धरून सात वर्षांचा तो रकाना खोडा."

कोणी हललं नाही. मला ज्याची भीती होती तीच शांतता होती ती. सचिव चांगला माणूस. त्याने घाईघाईने सावरलं. "एका रकान्याचं काय एवढं, ताउनो. त्याआधीचे आकडे तर पक्के आहेत ना?"

"पक्के आहेत. पक्षी खरे आहेत, एकही वाढवलेला नाही." मामाने घसा खाकरला. "पण त्यातले अकरा हिवाळे माझे नाहीत. ते आउनेने ऐकले. मला नुसतं वर बघायला लावलं. तिथे मोजणाऱ्याचं नाव बदला."

"म्हणजे… आउने कुइट्टिनेन लिहू?"

"हो."

सचिव हातातल्या मानपत्राकडे बघत राहिला. त्यावर सोनेरी अक्षरात पन्नास छापलेलं होतं. "मग ताउनो, अठरा गेले, तुझे बत्तीसच राहतात."

"बत्तीस," मामा म्हणाला, आणि खिशातून पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. "लिहा."